गुस्ताव लेओनहार्ट यांचें वादन

पाश्चात्त्य संगीताची आवड असलेल्या आमच्या परिचयाच्या मंडळींत हार्प्सिकॉर्ड या वाद्याची गोष्ट निघाली कीं बहुधा दोन मतें ऐकूं येतात. कित्येकांच्या मतें तें म्हणजे पियानोचें बाल्य; मूल मोठें झाल्यावर त्याच्या आंगड्याटोपड्यांचें जें करावयाचें तेंच या वाद्याचें करावें. इतरांना तो आवाज पत्र्यावर गारा पडाव्या तसा वाटतो. हीं दोन्ही मतें एके काळीं आम्हींही मोठ्या आवेशानें मांडलेलीं आहेत. तेव्हां तीं बाळगणारांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाहीं. तीं आम्हांस सोडावीं लागलीं तीं एका डच वादकामुळें. गुस्ताव लेओनहार्ट हे १६ जानेवारी २०१२ रोजीं आम्स्टरडॅम येथें वारले. त्यांच्या कारकीर्दीचा परामर्श मराठींत कोणी घेतल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि तो घेतला जावा अशी ती कारकीर्द खास आहे. कारण, गुरूच्या तोंडून शिष्याकडे आलेली परंपरा मध्येंच शंभर वर्षें तुटली असतां केवळ कागदावरून विद्या परत आणतां येते काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें जन्मभर उभा होता; आणि घराण्यांच्या गाण्यांत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना या प्रश्नाचें महत्त्व कोणी समजावून द्यावें लागत नाहीं.

आधीं वाद्याविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. पियानोंत पट्टी दाबली कीं मढविलेली हातोडी तारेवर आपटते. बोट जोरानें पडलें तर आवाज मोठा, हळू पडलें तर लहान. हार्प्सिकॉर्डमध्यें हातोडी नाहीं. पट्टीच्या मागच्या टोकावर एक लाकडी दांडी उभी असते, तिच्यांत पक्ष्याच्या पिसाच्या देठाची बारीक नखी बसविलेली असते, आणि पट्टी दाबली म्हणजे ती नखी तारेला छेडून वर जाते. जात सतारीचीच, फरक इतकाच कीं सतारियाची नखी त्याच्या बोटांत असते, आणि येथें बोट व तार यांच्यामध्यें यंत्र आलेलें आहे. बोट कितीही जोरानें मारलें तरी आवाजाच्या लहानमोठेपणांत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. आमच्या पेटीला निदान भाता तरी आहे; कुशल वादक त्याच्या दाबानें स्वर फुलवितो व मिटवितो. हार्प्सिकॉर्डवाल्याच्या हातीं तेंही साधन नाहीं. मग त्यानें भाव व्यक्त करावा तो कशाच्या जोरावर?

अठराव्या शतकाच्या अखेरीस पियानोनें या वाद्याची जागा घेतली आणि तें अडगळींत पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याला पुन्हां मैफलींत आणण्याचें मोठें श्रेय वांडा लांडोव्स्का या बाईंना आहे. परंतु १९१२ सालीं प्लेयेल कारखान्यानें त्यांच्यासाठीं जें वाद्य बांधलें तें पियानो बांधणाऱ्यांनीं बांधलेलें होतें: सांगाडा जड, आवाज पालटण्यासाठीं पायांचे खटके, आणि एकंदर रुबाब मोठ्या सभागृहाचा. बाईंची प्रतिभा थोर होती हें आम्ही नाकारीत नाहीं. पण वाद्याचें नांव जुनें आणि प्रकृति नवी, असा तो प्रकार होता. वाद्याची उणीव यंत्रानें भरून काढावयाची, हा त्या वेळचा मार्ग.

लेओनहार्ट यांनीं दुसरा मार्ग धरला. त्यांचा जन्म ३० मे १९२८ रोजीं हॉलंडांतील स्ग्राव्हेलांड या गांवीं झाला. आईबाप हौसेनें घरीं संगीत करणारे, आणि त्या हौसेपायींच घरांत एक हार्प्सिकॉर्ड आलेलें. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, ज्याला डच लोक अजून ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात, हा मुलगा सोळा वर्षांचा होता. जर्मन सैन्य पुरुषांना मजुरीसाठीं धरून नेई, म्हणून बाहेर पडण्याची सोय नाहीं. शाळा नाहीं, वीज नाहीं. वाद्य मात्र घरांत होतें. तें सुरांत लावणें आणि वाजविणें यांत त्यांचे ते दिवस गेले. पुढें १९४७ ते १९५० या काळांत बाझेल येथील स्कोला कांटोरुम या जुन्या संगीताच्या विद्यालयांत एदुआर्ड म्युलर यांच्यापाशीं ऑर्गन व हार्प्सिकॉर्ड या दोन्ही वाद्यांचें त्यांचें शिक्षण झालें. तेथून ते व्हिएन्नाला गेले ते वाद्यवृंदाचें संचालन शिकण्याच्या निमित्तानें. पण मन रमलें तें तेथील ग्रंथालयांत, जुनीं बाडें हातानें उतरून घेण्यांत. ज्यांचें तारुण्य ग्रंथालयाच्या बांकावर नकला उतरण्यांत गेलें त्यांना या गोष्टीचें विशेष कौतुक वाटणें साहजिक आहे; आम्ही त्यांतलेच. पुढें तीन वर्षें व्हिएन्नांत व १९५४ पासून आम्स्टरडॅमला त्यांनीं अध्यापन केलें, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी या मितभाषी माणसाकडे येऊं लागले. टॉन कोपमन, बॉब व्हान आस्पेरेन, ॲलन कर्टिस, पिएर आंताई हीं नांवें त्यांच्याच शिष्यांचीं.

१९५० सालीं व्हिएन्नांत ते प्रथम श्रोत्यांपुढें आले तेव्हां त्यांनीं बाखचा ‘फ्यूगची कला’ हा ग्रंथ हार्प्सिकॉर्डवर वाजविला. बावीस वर्षांच्या तरुणाचें हें धाडस लहान नव्हतें. फ्यूग म्हणजे एकाच सुरावटीचा अनेक आवाजांनीं एकामागून एक केलेला पाठलाग. बाखनें आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एका लहानशा सुरावटीवर अशा फ्यूगांची मालिका रचली, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर, १७५१ सालीं, छापून निघाली. तींत प्रत्येक आवाज स्वतंत्र ओळीवर मांडलेला असून कोणत्या वाद्यावर वाजवावें याचा उल्लेख नाहीं. यावरून ही रचना कोणत्याच वाद्यासाठीं नाहीं, ती निव्वळ बुद्धीची लीला आहे, असा समज रूढ झाला. १९२७ सालीं लाइप्झिग येथें ती मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजविली गेली. लेओनहार्ट यांनीं १९५२ सालीं एक लहानसें पुस्तक लिहून या समजाचें खंडन केलें. त्यांचा युक्तिवाद नामांकित वकिलाला शोभेल असा आहे. प्रत्येक आवाज वेगळ्या ओळीवर लिहिण्याची चाल पट्ट्यांच्या वाद्यांसाठीं बाखच्या पूर्वीं शंभर वर्षें रूढ होती. आवाजांचा पल्ला पाहिला तर त्या काळच्या कोणत्याही वाद्यसमूहाशीं तो जुळत नाहीं. आणि एक आरशाप्रमाणें उलटणारी जोडी सोडली तर सर्व फ्यूग एका माणसाच्या दोन हातांत मावतात; हा योगायोग कसा म्हणावा? अर्थात् हें संगीत हार्प्सिकॉर्डचेंच.

येथपर्यंत आम्ही त्यांच्या पक्षाचे आहों. परंतु त्या मालिकेच्या शेवटीं जो अपुरा फ्यूग येतो, जो वाक्य अर्ध्यावर तुटावें तसा तुटतो, तो या ग्रंथाचा भागच नव्हे असें ठरवून त्यांनीं पुढें आपल्या १९६९ च्या ध्वनिमुद्रणांतून तो गाळून टाकला. मूळ सुरावट त्या फ्यूगच्या उपलब्ध भागांत येत नाहीं, हें त्यांचें म्हणणें खरें आहे. तरीही तो गाळलेला ऐकतांना मन खट्टू होतें. पुराव्याला भावनेपुढें नमूं न देणें हा लेओनहार्ट यांचा स्वभावच होता, आणि त्याची किंमत केव्हां केव्हां श्रोत्याला द्यावी लागे.

आतां त्यांच्या वादनाकडे वळूं. प्रथम ऐकलें तेव्हां आम्हांला तें रुचलें नाहीं. सम जेथें पडावी तेथें ती किंचित् उशिरां पडते. दोन हातांचे स्वर एकत्र वाजावयाचे ते केसभर मागेंपुढें होतात. मध्येंच एखादा स्वर असा सुटा ठेवलेला कीं वादकाला ठेच लागली असें वाटावें. एका जाणत्या स्नेह्यानें आम्हांस सांगितलें कीं, आवाज मोठा होतो कीं लहान हें ऐकूं नका, स्वर केव्हां येतो आणि केव्हां जातो तें ऐका. ही गुरुकिल्ली होती. ज्या वाद्यांत जोर देतां येत नाहीं तेथें लेओनहार्ट वेळ देतात. महत्त्वाच्या स्वरापूर्वीं निमिषभर शांतता राहिली कीं तो स्वर कानाला मोठा भासतो. मागचा स्वर पुढच्यावर थोडा रेंगाळूं दिला कीं दोहोंमध्यें मींड घेतल्याचा भास होतो. जोडीचे स्वर एकदम न छेडतां उलगडले कीं धार बोथट होते. तारेवर जें करतां येत नाहीं तें ते ऐकणाऱ्याच्या कानांत घडवून आणतात. यांत मनाचा लहरीपणा नाहीं. सतराव्या-अठराव्या शतकांतील ग्रंथकार सुरांना व्याकरण आहे, वक्तृत्व आहे, असें सांगत आले. तें सांगणें लेओनहार्ट यांनीं अक्षरशः मनावर घेतलें. त्यांच्या हाताखालीं बाखचें वाक्य उच्चारलें जातें. कोठें स्वल्पविराम, कोठें प्रश्न, कोठें दम घेण्यासाठीं थांबणें, हें सारें ऐकूं येतें.

ऑर्गनवर हीच विद्या उलटी वापरावी लागते. तेथें पट्टी दाबली कीं नळींत वारा शिरतो आणि बोट उचलीपर्यंत स्वर एकाच जोरानें चालूं राहतो; त्याला क्षय नाहीं. म्हणून हार्प्सिकॉर्डचा वादक स्वराच्या जन्माची काळजी करतो, तर ऑर्गनचा वादक त्याच्या मरणाची. आम्स्टरडॅमच्या वालोन चर्चमध्यें क्रिस्टियान म्युलर यानें १७३४ सालीं बांधलेला ऑर्गन आहे. लेओनहार्ट तेथें अनेक वर्षें वादक होते व नंतर त्याच शहरांतील नव्या चर्चमध्यें गेले. जगभर मान्यता पावलेला हा कलावंत प्रार्थनेच्या वेळीं भाविकांच्या भजनाला साथ करीत असे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. भजनाची ओळ कोठें संपते, गाणाऱ्यांना श्वास कोठें लागतो, हें ज्याच्या हातांत मुरलें आहे त्याच्या हार्प्सिकॉर्डलाही श्वास असतो.

पण त्यांचें खरें ऋण आम्हांस वाटतें तें बाखच्या आधींच्या शतकाविषयीं. स्वेलिंक, फ्रेस्कोबाल्दी, फ्रोबर्गर, लुई कूपराँ हीं नांवें पूर्वीं संगीताच्या इतिहासांत पानाच्या तळाशीं असत. लुई कूपराँचे तालविरहित प्रेल्यूद घ्या. कागदावर नुसतीं पोकळ गोल चिन्हें एकापुढें एक मांडलेलीं, त्यांवरून वळणदार रेघा ओढलेल्या. मात्रा नाहीं, ताल नाहीं, कोणता स्वर किती वेळ धरावयाचा याचा पत्ता नाहीं. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला हें कोडें वाटतें. ज्यानें आलाप ऐकलेला आहे त्याला तें ओळखीचें वाटेल. राग तोच, चलन तेंच, वेळ मात्र गाणाराची. फ्रोबर्गरनें ब्लाँरोशे नांवाच्या वीणावादक मित्राचा शोक केला आहे. हा मित्र १६५२ सालीं पॅरिसमध्यें जिन्यावरून पडून मेला. ती रचना ठेका न पाळतां वाजवावी अशी सूचना फ्रोबर्गरची आहे, आणि तिच्या अखेरीस स्वर पायरीपायरीनें खालीं उतरत थेट तळाशीं जातात. कोणी म्हणेल, हा पोरखेळ झाला. जिना दाखविण्यासाठीं उतरती सुरावट! परंतु असें संगीत लेओनहार्ट यांच्या धीम्या, अश्रु न ढाळणाऱ्या हातांतून ऐकावें. मग तसें म्हणवत नाहीं.

स्वर लावण्याच्या बाबतींतही आपल्याकडील श्रोत्याला त्यांच्याशीं लवकर जवळीक वाटेल. पेटीचा गांधार चढा लागतो, ही आमच्या गवयांची जुनी तक्रार. १९४० सालीं रेडिओनें पेटीवर जी बंदी घातली व जी सुमारें तीस वर्षें टिकली, तिच्यामागेंही हा वाद होताच. परंतु सप्तकाचे बारा समान तुकडे करण्याची ही पद्धत यूरोपांतही सर्वकाळ चालत होती असें नव्हे. सतराव्या शतकांतील एका प्रचलित पद्धतींत गांधार शुद्ध ठेवीत आणि त्याची भरपाई पंचमांत करीत; त्यामुळें कांहीं पट्ट्या अत्यंत गोड, तर कांहीं कर्कश होत, आणि रचनाकार त्या कर्कशपणाचाही उपयोग करीत. लेओनहार्ट ज्या काळची रचना त्या काळच्या लावणीवर वाजवीत. फ्रोबर्गरचा एखादा दुःखाचा स्वर अशा लावणींत जसा बोचतो तसा पियानोवर बोचणें शक्य नाहीं.

वाद्यांचेंही तेंच. ब्रेमेनचे कारागीर मार्टिन स्कोव्रोनेक यांनीं १९६२ सालीं त्यांच्यासाठीं डुल्केन या जुन्या अँटवर्पच्या कारागिराच्या नमुन्यावर एक हार्प्सिकॉर्ड बांधलें, आणि त्या हलक्या, गात्या आवाजानें प्लेयेलची सद्दी संपविली असें म्हटलें तरी चालेल. याच स्कोव्रोनेकची एक कथा मनोरंजक आहे. १९८४ सालीं त्यांनीं रूआँ येथील लफेव्र या कारागिराचें १७५५ सालचें म्हणून एक वाद्य नव्यानेंच घडविलें. लेओनहार्ट यांनीं तें वाजविलें. जाणकारांनीं तें जुनें म्हणून मानलें. आणि २००२ सालीं स्कोव्रोनेकनीं स्वतःच सर्व हकीकत लिहून प्रसिद्ध केली. यावर कित्येक रागावले. आम्हांला मात्र यांत त्या सबंध चळवळीची कसोटी दिसते. जुनेपणाला मान होता तो वयाचा कीं आवाजाचा? लेओनहार्ट यांचें स्वतःचें मत असें होतें कीं, अस्सलपणाच्या मागें धांवणाराला पटेल असें वाजवितां येत नाहीं. जो पटेल असें वाजवितो त्याचेंच वाजविणें अस्सल वाटतें. म्हणजे प्रारंभीं आम्हीं जो प्रश्न विचारला त्याचें उत्तर त्यांच्यापुरतें हें कीं, कागद आज्ञा देत नाहीं. तो बोलणें शिकवितो, बोलावें लागतें आपल्यालाच.

१९६८ च्या एका चित्रपटांत, ज्याच्या नांवाचा अर्थ ‘आना माग्दालेना बाख हिची बखर’ असा होईल, ते बाखच्या भूमिकेंत दिसतात. ज्याँ-मारी स्ट्राउब व दानिएल ह्युइये या दिग्दर्शकांनीं त्यांना अभिनय करूं दिलेला नाहीं. टोप घातलेला एक कृश माणूस वाद्यापुढें बसतो आणि वाजवितो. कॅमेरा बहुतेक हलत नाहीं. वाजविलेलें संगीत त्याच क्षणीं मुद्रित झालेलें. बाखचें तोंड वाटोळें होतें, यांचें लांबट. तरी दहा मिनिटांत आम्ही तें विसरलों. निकोलाउस आर्नोंकूर यांच्याबरोबर त्यांनीं बाखच्या सुमारें दोनशें धार्मिक कांटाटांचें जें मुद्रण केलें, जें १९७१ पासून १९९० पर्यंत प्रसिद्ध होत राहिलें, त्यांत बाखच्या काळाप्रमाणें वरचे आवाज मुलांचे आहेत. कित्येक ठिकाणीं तीं मुलें बिचारीं धापा टाकतात, हें आम्ही लपविणार नाहीं. पण इतकें मोठें काम दोघांनीं मिळून तडीस नेलें, आणि १९८० सालीं हॉलंडचें एरास्मस पारितोषिक दोघांना विभागून मिळालें तें योग्यच झालें.

दोष सांगितल्याविना हा लेख अपुरा राहील. त्यांची रुचि अरुंद होती. हेन्डेलविषयीं त्यांना प्रेम नव्हतें, आणि बेथोव्हेनच्या भव्य आवाहनांचा त्यांना तिटकारा होता. मनमोकळ्या आनंदाची त्यांना थोडी लाजच वाटे, असें आमचें अनुमान आहे. बाखचीं ‘गोल्डबर्ग’ रूपांतरें त्यांनीं तीनदां मुद्रित केलीं. १९५३ च्या मुद्रणांत एक ताठ, सरळ रेषेंत चालणारा तरुण भेटतो. १९६५ मध्यें हातांत स्कोव्रोनेकचें वाद्य आलें आणि चाल सैल झाली. १९७६ मध्यें प्रत्येक ओळ बोलूं लागली. परंतु या शेवटच्या मुद्रणांत बाखनें सांगितलेल्या पुनरावृत्ती त्यांनीं घेतलेल्या नाहींत. प्रत्येक भाग एकदां सांगून ते पुढें जातात. असें वाटतें कीं यजमान अत्यंत सभ्य आहे, पण दुसऱ्यांदा ‘घ्या’ म्हणत नाहीं.

शेवटची मैफल १२ डिसेंबर २०११ रोजीं पॅरिसमध्यें, बूफ द्यु नॉर नाट्यगृहांत झाली. त्यानंतर पांच आठवड्यांनीं ते गेले. तोपर्यंत त्यांचे शिष्य व शिष्यांचे शिष्य यूरोप-अमेरिकेंत सर्वत्र वाजवीत होते, आणि त्यांतील पुष्कळांचें वादन त्यांच्याहून चपळ, रंगेल व लोकप्रिय आहे.

प्रारंभीं ज्यांचें मत दिलें त्या पत्र्यावरील गारांच्या पक्षाच्या एका स्नेह्यांना आम्हीं मध्यंतरीं फ्रोबर्गरची लेओनहार्ट यांनीं वाजविलेली तबकडी ऐकविली. त्यांनीं मत बदललें असें कांहीं सांगितलें नाहीं. वाद्य तसें गाराच पाडतें, पण माणूस बरा दिसतो, एवढेंच म्हणाले, आणि तबकडी घरीं घेऊन गेले. चार महिने झाले; अद्याप ती परत आलेली नाहीं.